पिशवीत न मावलेला लॅपटॉप

जिनिंग चालू असली की आम्हाला झोप लागायची आणि ती बंद पडली की जाग यायची. राळेगावच्या बाहेर, डांबरी रस्त्याला लागून ती जिनिंग होती आणि तिच्याच आवारात, सरकीच्या गोदामाच्या मागे, आमची टिनाच्या छपराची खोली. बाबा तिथे फिटर होते. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांना रेचे म्हणत. असे रेचे ओळीने उभे असायचे आणि त्यांचा घरघराट भिंतीतून, खाटेच्या पायांतून आमच्या अंगात उतरायचा. घरात बोलायचं तर जरा ओरडूनच बोलावं लागे. अजूनही मी फोनवर मोठ्यानं बोलतो, आणि पुण्यात ऑफिसमधले लोक मान वळवून पाहतात. रुईचे बारीक तंतू सगळीकडे असत. मायच्या केसांत, पाण्याच्या माठावरच्या कापडावर, भाकरीच्या पिठात. वरणावर तरंगणारा तंतू चमच्याने काढून टाकायचा आणि खायला लागायचं, त्यात कुणाला काही वाटत नसे. संध्याकाळी माय ज्वारीच्या भाकरी थापायची, सोबत अंबाडीची भाजी आणि लसणाचा ठेचा. बाबा हात धुऊन बसत, पण त्यांच्या नखांतलं ग्रीस कधी गेलं नाही.

मी सांगतो आहे ती वर्षं कापसाची वाईट वर्षं होती. त्याबद्दल शहाण्या लोकांनी पुष्कळ लिहिलं आहे. आम्हाला ती आवाजावरून कळत. पूर्वी दिवाळीनंतर सुरू झालेली जिनिंग होळी उलटली तरी धडधडत असायची. त्या वर्षांत ती मध्येच थांबू लागली, आधी एखादा दिवस, मग आठवडा. रस्त्यावरच्या कापसाच्या बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, रांग आखूड झाली. बाबा रिकाम्या रेच्यांभोवती फिरत, एखादा नट घट्ट करत, परत सैल करत. माय म्हणायची, "बसा न जरा. त्याइले बी आराम करू द्या." बाबा बसत नसत.

शीलाताई त्याच सुमारास परत आली होती. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. जावई रस्त्यावरच्या अपघातात गेले आणि ती कडेवर सुजाताला घेऊन आमच्या खोलीत आली. मी तेव्हा यवतमाळला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो, रोज एसटीने अप-डाऊन करायचो. आमच्या वस्तीत, विहारात, घरात, सगळीकडे एकच सांगणं होतं, शिका. ताई बारावीपर्यंत शिकली आणि तिचं लग्न झालं. मी पुढे गेलो. याबद्दल कुणी कधी काही म्हटलं नाही, ताईनेही नाही.

त्या दिवसांत आमच्या भागात पाहणी करणारे फार येत. नागपूरच्या एका संस्थेने गावोगावच्या अशा बायकांशी बोलायचं काम काढलं होतं, ज्यांच्या घरातला माणूस गेला होता. ताईला त्यांनी घेतलं. ती सकाळी सुजाताला मायकडे ठेवून निघायची, एसटीने फाट्यापर्यंत, पुढे पायी. खांद्याला निळी पिशवी. दाबून बांधलेल्या रुईच्या गठाणीवर शिवतात त्या जाड कापडाची, मायने रंगवून शिवलेली. बाहेरच्यांना जे बोलत नसत, ते बायका ताईला सांगत, कारण तिच्याही गळ्यात काही नव्हतं. संस्थेच्या मॅडमना ते समजलं होतं. त्या ताईला म्हणाल्या होत्या, पुढच्या हंगामापासून आपण कागद बंद करणार; जिच्याजवळ स्वतःचा लहान लॅपटॉप असेल आणि जी तिथल्या तिथे लिहून घेईल, तिला कायम करू.

मलाही लॅपटॉप हवा होता. कॉलेजात लॅब होती, पण तिथे यंत्रांपेक्षा पोरं जास्त. बाबांनी घरात सांगितलं की एक लॅपटॉप घ्यायचा, दोघांनी वापरायचा. दोन घेणं होणार नव्हतं, तो विषयच निघाला नाही. आठवडाभर मी मित्राकडची मासिकं चाळली आणि मला कळलं की आपल्या ऐपतीत दोन तऱ्हेचे आहेत. एक वहीएवढा, हलका, बॅटरी दिवसभर टिकणारा. पण तो जसा घ्याल तसाच राहणार, आतली मेमरी पक्की बसवलेली. दुसरा जरा मोठा, जड; पण त्याच्या खालच्या अंगाला झाकण, आत मेमरीसाठी एक जागा रिकामी, हार्ड डिस्कही बदलता येणारी. माझं ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर लहानावर रडतखडत चाललं असतं. लहान घेतला तर तो ताईचा होणार होता आणि मोठा घेतला तर माझा. हे कुणी बोललं नव्हतं, पण बाबा, ताई आणि मी यवतमाळच्या एसटीत बसलो तेव्हा आम्हा तिघांनाही ते माहीत होतं.

दुकान यवतमाळच्या बसस्टँडपासून थोडं पुढे होतं. काचेचं दार, आत एसी, खाली गालिचा, म्हणून चपला बाहेर काढायच्या. बाबांनी चपला काढल्या आणि आपल्या काळ्या पावलांकडे पाहिलं. मग पायपुसण्यावर ती इतका वेळ घासली की दुकानदारच उठून आला. "राहू द्या हो काकाजी, या आत." चांगला माणूस होता. त्याने दोन्ही लॅपटॉप काचेवर शेजारी शेजारी ठेवले.

"ये छोटा, एकदम हल्का. बहनजींना फिरतीचं काम असेल तर हाच घ्या. अन् हा मोठा, थोडा भारी, पण उद्या रॅम वाढवा, परवा डिस्क बदला. पाच-सात वर्षं टेन्शन नाही."

बाबांनी मोठा उचलला आणि बाळाला पालथं करावं तसा सावकाश पालथा केला. "म्हंजे याले खालून दरवाजा हाय."

"हाव काकाजी, दरवाजाच समजा."

"अन् याचा दरवाजा कुठी हाय?" बाबांनी लहानाकडे बोट केलं.

"त्याला नाही. पूरा सील."

बाबांनी मान हलवली. त्यांचं एक ठाम मत होतं, जिनिंगमध्ये नवीन लागलेल्या प्रत्येकाला ते ऐकवत. जे मशीन उघडता येत नाही ते आपलं नसते, ते कंपनीचंच असते, आपण नुसतं वापरून राह्यलो. ते मला पाठ होतं. खरं सांगायचं तर घरून निघतानाच मला माहीत होतं की बाबा खालून पाहतील. त्यांनी खिशातला पेचकसही काढला, तेव्हा दुकानदार हसून म्हणाला, "थांबा काकाजी, आधी घ्या तर."

इतक्यात ताईने लहान लॅपटॉप आपल्या निळ्या पिशवीत घातला. पाण्याची बाटली, कागदांचा गठ्ठा, सुजातासाठी घेतलेला बिस्किटपुडा, या सगळ्याशेजारी तो सरळ आत गेला. तिने पिशवीचं झाकण लावलं, ती खांद्याला अडकवली आणि त्या गालिच्यावर अनवाणी दोन फेऱ्या मारल्या. गावातल्या रस्त्यावर चालते तशी, जरा पुढे वाकून. मला ती चाल अजून दिसते. जावई गेल्यानंतर तिला स्वतःसाठी काहीतरी घालून पाहताना मी पहिल्यांदा पाहत होतो.

मग तिने मोठा घालून पाहिला. कोपरा वर राहिला, झाकण लागेना.

"पिशवी काय," बाबा म्हणाले, "दुसरी शिवता येते."

"दुसरी पिशवी शिवता येते बाबा, दुसरा खांदा कुठून आणू?" ताई म्हणाली. दुकानदार मोठ्याने हसला, बाबाही हसले. मीही हसलो.

हसणं ओसरलं आणि बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "पम्या, तू सांग. तू यातलं शिकून राह्यला."

मी खाली वाकलो आणि मोठ्या लॅपटॉपच्या झाकणाचे स्क्रू पाहू लागलो. ते पाहण्यासारखे काही नव्हते. वाकलेलाच मी म्हणालो, "यात पुढं वाढवायला जागा आहे, बाबा." हे वाक्य खरं होतं. मी ते पुष्कळदा तपासून पाहिलं आहे, त्यात एक शब्द खोटा नाही.

ताईने लहान लॅपटॉपवरून एकदा हात फिरवला. त्यावर एक रुईचा तंतू बसला होता, तिच्याच ओढणीवरून आलेला. तो तिने चिमटीत उचलला. "मोठाच घ्या मग," ती म्हणाली. "त्याचं शिक्षण हाय. माह्यं काय, मी कागदावर लिहून घेतो अन् घरी येऊन टाकतो."

परतीच्या एसटीत खोकं माझ्या मांडीवर होतं. बाबा पुढच्या सीटवर, ताई खिडकीशी. नेहमीप्रमाणे गाडी भरलेली, कुणाच्या तरी पायाशी कोंबड्यांची टोपली. मी ताईला म्हणालो, "नोकरी लागली की मी यात दुसरी मेमरी टाकतो, मोठी डिस्क टाकतो, नव्यासारखा करतो अन् तुले देतो. मंग तुह्या एकटीचाच."

"हाव," ती म्हणाली. "अन् तवरिक?"

"तवरिक दोघं वापरू."

ती बाहेर पाहत राहिली. बाबांनी मागे वळून आमच्याकडे पाहिलं आणि परत समोर पाहिलं. त्यांनी ऐकलं होतं.

दोघं वापरणं म्हणजे असं झालं की सकाळी मी तो घेऊन निघायचो आणि संध्याकाळी बॅटरी संपवून आणायचो. ते भारनियमनाचे दिवस. मी घरी पोचेपर्यंत लाइट गेलेली असे. ताई चुलीजवळ कागद मांडीवर घेऊन लाइटीची वाट पाहत बसे, एका पायाने सुजाताचा झोका हलवत. लाइट आली की टाइप करायला लागायची. एकदा मी विचारलं की कागदावर सगळं लिहिलेलं असताना तुला इतका वेळ काहून लागते. ती म्हणाली, "कागदावर कमी लिहितो. बाई बोलते तवा खाली पाहून लिहिलं की ती थांबते. मंग घरी येऊन आठवतो. अन् आठवता आठवता तिचे शब्द माह्ये होऊन जातात, पम्या. तिनं सांगितलेलं रडणं वेगळं, मी लिहिलेलं वेगळं." मी म्हणालो, रविवारी तू घेऊन जात जा. रविवारी बायका आठवडी बाजाराला जात, घरी कुणी भेटत नसे. हे मला माहीत होतं. तरी मी म्हणालो.

आणि रविवारी लॅपटॉप बाबांचा असे. जिनिंग त्या वर्षी संक्रांतीनंतर जी थांबली ती थांबलीच. रेच्यांवर ताडपत्री टाकली. बाबांना उघडायला एवढं एकच यंत्र उरलं. ते खाटेवर धुतलेलं धोतर अंथरत, लॅपटॉप पालथा ठेवत, झाकण काढत आणि रंगाच्या बारीक ब्रशाने पंख्याच्या जाळीतली रुई काढत. दर आठवड्याला कापसाची लहानशी वात निघायची. ती ते सुजाताच्या हातात देत आणि ती फुंकून उडवून द्यायची. जवळ कुणी गेलेलं त्यांना चालत नसे. "सरक. उजेड अडते."

पुढच्या हंगामाआधी नागपूरच्या मॅडम आल्या होत्या. त्यांनी ताईला शिव्या दिल्या नाहीत की काढलंही नाही. ताईचं काम त्यांना आवडायचं, त्यांना फक्त उशीर परवडत नव्हता. नेरकडच्या एका मुलीने तसला लहान लॅपटॉप घेतला होता, कायमची जागा तिला मिळाली. ताई घरी आली, तिने पिशवी खिळ्याला अडकवली आणि पीठ मळायला बसली. भाकरी तव्यावर पडल्यावर ती म्हणाली, "पोरगी हुशार हाय. अंगणात बसल्या बसल्या लिहिते, बाईकडे पाहत. मी पाह्यलं तिले." मग माझ्या ताटात भाकरी टाकून म्हणाली, "जेव. गार होते."

मी जेवलो. अंबाडीची भाजी होती. मला त्या जेवणाची चव आठवते याची लाज वाटते, कारण ती चांगली होती.

त्यानंतर ताई सुजाताला घेऊन उमरखेडला गेली. तिथे मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाकाचं काम मिळालं, राहायला खोली. आजही ती तिथेच आहे. आता कोठीच्या किल्ल्या तिच्याकडे असतात. मी पास झालो, पुण्याला नोकरी लागली. कंपनीने पहिल्याच दिवशी नवा लॅपटॉप हातात दिला आणि जुना मी घरी ठेवून आलो. मेमरी आणणार होतो. पुण्यात कॉम्प्युटरच्या जुन्या मालाच्या एका गल्लीत मी एकदा गेलोही होतो, पण दुकानदाराने विचारलं कोणती, आणि नंबर माझ्याजवळ नव्हता. नंतर नंबर लिहून घेतला तर जायला जमलं नाही. नंतर तसली मेमरी मिळेनाशी झाली. बाबा फोनवर दर एक-दोन महिन्यांनी विचारत, "ते मेमरी का काय, कधी आणतो?" मी म्हणायचो, येताना आणतो. ताईने मात्र कधीच विचारलं नाही. तिने एकदा जरी विचारलं असतं तरी मला सोपं गेलं असतं, असं मी स्वतःला सांगत आलो आहे. हेही मी बरंच तपासून पाहिलं आहे, आणि यात मात्र खोट आहे.

बाबा जाऊनही आता काही वर्षं झाली. माय राळेगावातच, विहाराजवळच्या घरात राहते. या थंडीत आम्ही सगळे तिथे जमलो होतो. ओल्या तुरीचे दिवस. अंगणात शेंगांचा ढीग, माय आणि ताई सोलत बसलेल्या, आणि सुजाता मोबाइल घेऊन माझ्यापाशी आली. ती यवतमाळला नर्सिंग करते. शेवटच्या वर्षी त्यांना गावोगाव फिरावं लागतं, घरोघरी जाऊन नोंदी घ्याव्या लागतात. तिला लॅपटॉप घ्यायचा होता. मोबाइलवर दोन फोटो होते. एक पातळ, लहान, सगळं आत पक्कं बसवलेलं. दुसरा त्याहून मोठा, मेमरी वाढवता येणारा.

"मामा, तुम्ही सांगा. वाढवता येते म्हणजे नेमकं काय होते?"

मला तिला दाखवावंसं वाटलं. मायला विचारलं, तो जुना कुठे आहे. मायने ट्रंकेतून काढून दिला, गठाणीच्या कापडात गुंडाळलेला. मी ओट्यावर बसलो, पालथा केला आणि झाकणाचे स्क्रू काढले. ते अजिबात गंजलेले नव्हते, त्यांना तेलाचा हात लागलेला होता. झाकण उघडलं. एक मेमरी आपल्या जागी होती. तिच्या शेजारी, जिथे रिकामी जागा असायला हवी होती, तिथे एक लाकडाचा तुकडा बसवलेला होता. पातळ, मेमरीच्याच लांबी-रुंदीचा, कडा पॉलिशपेपरने घासून गुळगुळीत केलेल्या. मी त्याला बोट लावलं. जरा वर उचललं तेव्हा तो सहज हातात आला. खालची खाच स्वच्छ होती, नवी असावी तशी.

"हे काय हाय, मामा?" सुजाताने विचारलं.

मला ते काय आहे हे माहीत होतं. जिनिंगमधला नियम होता. रेच्याचा एखादा भाग दुरुस्तीला गेला की त्याची जागा उघडी ठेवायची नाही. रुई तिथे शिरते, दाबून बसते, गरम होते आणि एखाद्या दिवशी पेट घेते. म्हणून फिटर त्या मापाचं लाकडी बूच कापून बसवतो आणि भाग परत आला की बूच काढून टाकतो.

"तुह्या आज्यानं केलं ते," माय शेंगा सोलता सोलता म्हणाली. "लॅपटॉप आणला त्याच हप्त्यात. म्या म्हटलं, कायले लाकूड घासून राह्यले? तर म्हणे, पम्या शीलासाठी मेमरी टाकणार हाय. तवरिक जागा उघडी नाई राहाले पाह्यजे."

ताईने हात पुसले आणि तो तुकडा माझ्या हातातून घेतला. उन्हात धरून पाहिला, नाकाशी नेला.

"सागवान हाय," ती म्हणाली. "चांगलं लाकूड वापरलं बाबांनी." आणि तो परत माझ्या तळहातावर ठेवून ती शेंगांकडे वळली.

बाबांना मी वर्षानुवर्षं येताना आणतो, येताना आणतो म्हणत होतो, आणि ते दर रविवारी झाकण उघडून हे लाकूड काढत होते, खाच झटकत होते, परत बसवत होते. "सरक, उजेड अडते," म्हणायचे ते यासाठीच असेल. मला त्यांनी ते दाखवलं नाही.

सुजाता अजून मोबाइल धरून उभी होती. "मामा, सांगा न. कोणता घेऊ? तो मोठावाला पुढं वाढवता येते न?"

मी बूच जागेवर बसवलं, झाकण लावलं आणि स्क्रू आवळले.

"तू गावात जाताना नेतेस ती पिशवी आण आधी," मी म्हणालो. "त्यात काय काय असते ते सगळं भरून आण. अन् खांद्याला लावून दाखव."

सुजाता आत गेली. ताईच्या हातातली शेंग फुटली, दाणे परातीत पडले. मान वर न करता ती मायला म्हणाली, "आता आठवली याले पिशवी."